बालवाडीचं विज्ञान, मे महिना आणि सकाळचे दोन तास

एप्रिल लागला, बालवाड्यांना सुट्टी पडली की पालकांमध्ये दरवर्षी तोच वाद सुरू होतो आणि दरवर्षी तो तितक्याच वाईट पद्धतीने घातला जातो. एका बाजूला 'एवढ्या उन्हात तीन-चार वर्षांच्या पोरांना बाहेर काढायचं म्हणजे जिवाशी खेळ' म्हणणारे, त्यांनी एसी हॉलमधल्या सायन्स कॅम्पची फी आधीच भरलेली असते, तिथे पोरांना छोटे पांढरे कोट घालून सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी दाखवतात. दुसऱ्या बाजूला 'आम्ही नाही का दिवसभर उन्हात हुंदडलो, काय झालं आम्हाला' म्हणणारे. मग आठवडाभर दोघं एकमेकांना कधी निष्काळजी तर कधी नाजूक ठरवत बसतात आणि मूल मोबाईल घेऊन बेडरूममध्येच राहतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विज्ञानाची गोडी लावायला उन्हाळ्यासारखा ऋतू नाही, ते विज्ञान घराबाहेरच करायचं, पण सकाळी साडेसहा ते साडेआठ, झाडाखाली, माती-पाणी-सावली घेऊन. आणि त्यासाठी जागा मिळवून देणं ही एकट्या आईबापांची जबाबदारी नाही, ती सोसायटीची, ग्रामपंचायतीची, महापालिकेची पण आहे. ऊन की एसी या भांडणात ही जागेची गोष्ट कोणी काढतच नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी उन्हाला घाबरणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकू, कारण ते चुकीचं नाहीये. लहान मुलाचं शरीर वजनाच्या मानाने बाहेरची उष्णता जास्त ओढून घेतं, त्याला घाम मोठ्या माणसापेक्षा कमी येतो, आणि मुख्य म्हणजे चार वर्षांचं पोर खेळात रंगलं की 'मला तहान लागलीय, मला गरगरतंय' असं सांगत नाही. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं तेव्हा मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीला ३७ अंश असा फरक करतं, तो उगाच नाही, मुंबई-रत्नागिरीकडे दमट हवेत घाम वाळतच नाही म्हणून शरीर थंड होत नाही. चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. २०२३ च्या १६ एप्रिलला खारघरला भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात मोठी धडधाकट माणसं उष्माघाताने दगावली, हे विसरून कोणी 'पोरांना काटक बनवा' असं म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूला नाही. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका असं सरकारी सूचनांमध्ये दरवर्षी असतं, लहान मुलांसाठी मी तर तो वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच धरीन.

पण मग पुढचा प्रश्न विचारायला हवा ना, की दहाच्या आधी काय? दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, विदर्भात त्याच्याही आधी. म्हणजे त्या नकोशा वाटणाऱ्या दिवसाच्या तोंडाशीच दोन-अडीच तास असे असतात की ज्यात मूल आरामात बाहेर राहू शकतं, आणि ते तास आपण झोपून, आवरून, टीव्ही लावून घालवतो आणि मग दहा वाजता रिक्षात बसवून कॅम्पला पाठवतो, म्हणजे बरोबर ऊन तापायला लागल्यावर घराबाहेर काढतो आणि एक वाजता, सगळ्यात वाईट वेळेला, परत आणतो! 'उन्हापासून वाचवण्यासाठी' निवडलेल्या कॅम्पचं टाइमटेबल एकदा या नजरेने बघा.

आता 'आम्ही हुंदडलो' वाले. त्यांच्या आठवणीत पण गडबड आहे. खरंच दुपारी बारा वाजता तुम्हाला घरातनं बाहेर सोडायचे का? बहुतेक घरांत दुपारी दारं-खिडक्या लोटून सगळ्यांना जमिनीवर आडवं केलं जायचं, झोप नाही आली तर पत्ते, सागरगोटे, सापशिडी, आणि पाच वाजेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर आजीचा आवाज यायचा. सकाळी उजाडल्यावर आणि उन्हं कलल्यावर बाहेर, मधे आत, हे वेळापत्रक त्या पिढीला घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी लावून दिलं होतं, आठवणीत फक्त हुंदडणं उरलंय. दुसरं म्हणजे हुंदडणारी ती पोरं आठ-दहा वर्षांची होती, तीन वर्षांची नव्हती. आणि तिसरं, ते अंगण मातीचं होतं, शेणाने सारवलेलं, शेजारी आंब्याचं नाहीतर कडुनिंबाचं झाड. आज सोसायटीत खाली उतरलं की पेव्हर ब्लॉक, पार्किंगचं काँक्रीट आणि कुंडीतली शोभेची झाडं. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री बाहेर टाकत राहतं, त्यामुळे तीच मे महिन्याची सकाळ मातीच्या अंगणात आणि पार्किंगमध्ये सारखी नसते. तेव्हा 'आमच्या वेळी' हा युक्तिवाद करायचा असेल तर त्या वेळची जागा पण परत मागा, नुसतं पोराला सोडून देऊ नका.

आणि 'मुलांना आत ठेवा' या सल्ल्यात एक गोष्ट कायम गृहीत धरलेली असते, की आत म्हणजे थंड. कोणाच्या घरात? एसी असलेल्या फ्लॅटमध्ये ठीक आहे. पण या राज्यात लाखो मुलं पत्र्याच्या खोलीत राहतात, आणि एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत त्यातल्या कितीतरी भाड्याच्या, कोंदट, एका खिडकीच्या खोल्यांत भरतात. पत्रा तापला की खोलीची भट्टी होते, बाहेर पिंपळाखाली त्याच वेळेला वारा असतो. म्हणजे उन्हाच्या भीतीने आत ठेवणं हा काही मुलांसाठी बचाव आहे आणि काहींसाठी उलट शिक्षा आहे. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी सावलीची मोकळी जागा ही हौस नाही, आरोग्याची गरज आहे, आणि हा मुद्दा नवा पण नाही. लंडनच्या डेप्टफर्ड भागात मॅकमिलन बहिणींनी १९१४ मध्ये उघड्या हवेतली बालशाळा काढली ती याच कारणाने, अंधाऱ्या दाटीच्या घरांत राहून मुलं आजारी पडत होती म्हणून त्यांनी बाग हीच शाळा केली, खोल्या नुसता आडोसा म्हणून. तिकडे प्रश्न थंडीचा आणि कोंदटपणाचा होता, आपल्याकडे उन्हाचा आणि कोंदटपणाचा आहे.

इथे एक सावधगिरी मात्र ठेवायला हवी. हल्ली काही महागड्या प्रीस्कूलमध्ये डेन्मार्कच्या जंगलातल्या बालवाड्यांची कॉपी करायची फॅशन आलीय. त्यातली कल्पना चांगली आहे, पण थंडीवर कपड्यांनी मात करता येते, एकावर एक घातले की झालं. उष्णतेवर कपडे काढून मात करता येत नाही. उष्णतेवर उपाय दोनच, वेळ बदला आणि सावली शोधा. त्यामुळे आपल्याला तिकडचं मॅन्युअल कामाचं नाही, आपल्याकडचा मांडव, माठ, वाळ्याचे पडदे आणि पहाटे उठायची सवय जास्त कामाची आहे.

आता सगळ्यात दमदार आक्षेपाकडे येते. तो असा, की हे सगळं ठीक आहे पण याला विज्ञान का म्हणायचं? मातीत खेळणं म्हणजे खेळणं. चार वर्षांच्या मुलाला बाष्पीभवन कळणार आहे का? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मुलांचा विचार कसा वाढतो याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेने दाखवलेलं आहेच, या वयातल्या मुलासमोर बसक्या भांड्यातलं पाणी उंच निमुळत्या पेल्यात ओतलं तर ते सांगतं की आता पाणी जास्त झालं. आकारमान तेवढंच राहतं हे त्याला अजून पटत नाही. मग अशा मुलाला विज्ञान 'शिकवायचं' म्हणजे काय करायचं?

आमच्या सोसायटीत एका मे महिन्यात सकाळी बालवाडीच्या वयाची पोरं खाली जमवायला लागलो होतो. रंगाचे जुने ब्रश आणि तांब्यात पाणी, एवढंच सामान. पोरं फरशीवर पाण्याने मासा काढायची, घर काढायची, आणि शेपूट काढून होईपर्यंत डोकं गायब. एक साडेचार वर्षांची मुलगी वैतागली आणि म्हणाली, 'फरशी पाणी पिते.' दुसरा लगेच म्हणाला, 'नाही, ऊन पितं.' झालं, दोन तट पडले. मोठं कोणी असतं तर तिथेच बाष्पीभवनावर व्याख्यान सुरू झालं असतं. तिथे असलेल्या एका आजीने फक्त विचारलं, 'स्टीलची ताटली पाणी पिते का गं?' पोरांनी ठासून सांगितलं, ताटली नाही पीत. मग दोन ताटल्या आणल्या, दोन्हीत चमचा-चमचा पाणी पसरलं, एक उन्हात ठेवली, एक जिन्याखाली. पोरं खाऊन, भांडून, मुंग्यांच्या मागे जाऊन परत आली तेव्हा उन्हातली ताटली कोरडी आणि जिन्याखालच्या ताटलीत अजून ओल. ती मुलगी बराच वेळ उन्हातल्या ताटलीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, 'ऊन पितं. पण फरशी पण थोडं पिते.' आणि तेही खरंच आहे, खडबडीत फरशी थोडं पाणी शोषतेच!

यात काय काय झालं बघा. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर दोन वेगवेगळी कारणं निघाली. त्यातलं कुठलं बरोबर हे ठरवायला एक गोष्ट बदलून बघितली, बाकी सारखं ठेवलं. निकाल आल्यावर एकीने स्वतःचं मत सुधारलं, पूर्ण टाकून दिलं नाही. बाष्पीभवन हा शब्द कोणीच उच्चारला नाही. मोठ्या प्रयोगशाळेत याहून वेगळं काय करतात? आकारमानाची समज तिला दोन-तीन वर्षांनी येईल, वाफेचे रेणू दहाव्या वर्षी कळतील, पण 'मला असं वाटतं, चल बघूया' ही सवय लावायला चार वर्षं हे वय लहान नाही, उलट शाळेने 'बरोबर उत्तर काय' हे डोक्यात बसवायच्या आधीचं हेच वय आहे.

आता याच्या शेजारी तो ज्वालामुखी ठेवा. सोडा घातला, व्हिनेगर ओतलं, लाल फेस आला, टाळ्या. मुलाने काय केलं? बघितलं. त्याने काही बदलून बघितलं का, त्याला काही प्रश्न पडला का? त्याच्या लक्षात एवढंच राहिलं की डोंगरात फेस भरलेला असतो, आणि ते तर चुकीचं आहे, खऱ्या ज्वालामुखीत सोडा नसतो की व्हिनेगर नसतं. फेस बघायला मजा येते, जादूचे प्रयोग बघायला पण येते, मजेला माझा विरोध नाही. पण त्याला सायन्स कॅम्प म्हणून हजारोंची फी घ्यायची आणि फरशीवरच्या पाण्याला टाइमपास म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि उन्हाळाच का, तर जितक्या गोष्टी या दोन महिन्यांत डोळ्यांसमोर पटापट बदलतात तितक्या इतर वेळी बदलत नाहीत. पावसाळ्यात काही वाळत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड एका दिवसात कडक होतात, ओला रुमाल बघता बघता सुकतो, माठातलं पाणी बाहेर पाझरून गार होतं आणि त्याच्या शेजारची प्लास्टिकची बाटली तशीच कोमट राहते, दोन्हीला हात लावून बघायला चार वर्षांच्या पोराला कोणाची मदत लागत नाही. रुईची बोंडं फुटून म्हाताऱ्या उडतात, फुंकर मारली तर कुठली जास्त लांब जाते यावर अर्धा तास जातो. बहावा पिवळा होतो. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यावर रोज सकाळी खडूने रेघ मारली तर पाणी किती उतरलं ते दिसतं. आणि सावली! सकाळी सातला मुलाला एका जागी उभं करून पायांभोवती आणि सावलीभोवती खडू फिरवायचा, साडेआठला परत त्याच पावलांत उभं करायचं, तोपर्यंत सावली एवढीशी झालेली असते आणि जागा पण सोडलेली असते. महाराष्ट्रात मे महिन्यात प्रत्येक गावाला एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते, कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ च्या सुमारास, मुंबईला १५-१६ ला, नागपूरला २६ च्या आसपास. त्या दिवशी मुलांना दुपारी बाहेर न्यायची गरज नाही, बाहेर उन्हात एक डबा उभा करून तो खिडकीतून, गॅलरीतून दाखवला तरी चालतं, महिनाभर सकाळी सावल्या आखलेल्या पोरांना त्यात काय विशेष आहे ते सांगावं लागत नाही.

शाळेने वेळ आणि जागा मुलाच्या सोयीने बदलायची हे आपल्याकडे कोणाला फार धाडसी वाटत असेल तर त्याने पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडचा इतिहास वाचावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत यायचीच नाहीत. घरात धाकटं भावंड सांभाळायचं असायचं, गुरं राखायची असायची. 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्याऐवजी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे कुरणात जातात तर कुरणशाळा काढली. साधनं पण तिथलीच, बिया, शंख-शिंपले, पानं, दगड. मॉन्टेसरीची पद्धत इटलीतली पण त्या साधनांसाठी महाग पेट्या मागवत बसल्या नाहीत. आज देशभर सरकारी योजनेत अंगणवाडी हा शब्द आहे, १९७५ पासून, पण बहुतेक अंगणवाड्यांना अंगण नाही. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून, आजूबाजूच्या वस्तूंतून शिकायचा असं लिहिलेलं आहे, म्हणजे कागदावर पण कोणाचा विरोध नाही. मोठ्या मुलांच्या शाळा उन्हामुळे सकाळच्या सत्रात भरवा असे आदेश निघतात, ते अमलात पण येतात. मग छोट्यांच्या बाबतीत वेळ बदलण्याऐवजी बाहेर जाणंच बंद का?

नोकरी करणाऱ्या आईबापांचा मुद्दा राहिला, आणि तो खरा आहे. दोघांना नऊला निघायचं असतं, कॅम्प म्हणजे त्यांच्यासाठी चार तासांची सोय असते, त्यांना 'सकाळी मुलाला घेऊन मातीत बसा' असं सांगणं सोपं आणि निर्दयी आहे. म्हणूनच मी हे एकेका घरावर टाकायला तयार नाही. कॅम्पवाल्यांनी वेळ सात ते अकरा केली, पहिले दीड-दोन तास बाहेर आणि मग आत गोष्टी, गाणी, खाऊ, तर पालकांचीही सोय होते. सोसायटीत पाच-सहा घरं असतील तर आळीपाळीने दोन मोठी माणसं पुरतात, आणि रिकामे आजी-आजोबा या कामात आपल्यापेक्षा उजवे असतात कारण त्यांना घाई नसते. अंगणवाडी सेविकेवर मात्र अजून एक उपक्रम लादू नये, मानधनावर काम करणाऱ्या त्या बाईकडे आहार, वजनं, लसीकरण, ॲपवरच्या नोंदी सगळंच आहे, द्यायचंच असेल तर तिला दोन महिन्यांसाठी वस्तीतली एक मदतनीस द्या.

पाण्याचं काय, असं मराठवाड्यातला कोणी विचारेल. टँकरची वाट बघणाऱ्या गावात पोरांना पाण्याशी खेळवणं कसंतरीच वाटतं, मान्य. पण वर जे प्रयोग सांगितले त्यांना तांब्याभर पाणी लागतं आणि उरलेलं झाडाला जातं, सावली आणि बियांना तर तेही लागत नाही. कुत्र्यांचं काय? हा मला सगळ्यात काळजीचा मुद्दा वाटतो, लहान मुलांना कुत्रं चावण्याचा धोका खरा आहे, आणि त्यावर उत्तर कुंपण घातलेली जागा आणि लक्ष ठेवणारी दोन मोठी माणसं हेच आहे. विंचू-सापांसाठी जागा आदल्या दिवशी झाडून घ्यायची, दगड मोठ्यांनी उचलायचे, मातीत हात घातले की साबणाने धुवायचे. आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल किंवा विदर्भात साडेसातलाच झळ लागायला लागली तर त्या दिवशी ओसरीवर बसायचं, बाहेर जायचा हट्ट नाही.

म्हणजे फिरून जागेवरच येतो. आमच्या त्या सकाळच्या जमण्याला सोसायटीच्या कमिटीने आठवड्याभरात हरकत घेतली, माती पेव्हर ब्लॉकवर येते, डाग पडतात. बागेत गेलो तर हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी, आणि खेळायच्या भागात रबराची फरशी आणि लोखंडी घसरगुंड्या, सावली कुठेच नाही. मुलांच्या नावाने पैसे खर्च झालेत, पण खणायला हातभर माती ठेवलेली नाही. प्रत्येक वॉर्डातल्या एका तरी बागेत झाडाखालचा एक कोपरा कुंपण घालून, उघडी माती आणि एक नळ ठेवून सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून द्यायला किती खर्च येतो? बाग सकाळी सहाला उघडायची आणि त्या कोपऱ्यातनं नऊपर्यंत जॉगर्स आणि योगावाल्यांना बाजूला ठेवायचं. पत्र्याच्या अंगणवाडीसमोर बांबू आणि हिरव्या जाळीचा मांडव घालायचा, गावात लग्नाला एका दिवसात घालतात तसा, आणि त्याच्या कडेला यंदाच्या जूनमध्ये कडुनिंब, करंज लावायचे. महापालिकांची बजेटं फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतात, ग्रामसभा २६ जानेवारीला असते. हा विषय एप्रिलमध्ये, ऊन डोक्यावर आल्यावर काढून उपयोग नाही, तो जानेवारीत लेखी अर्ज देऊन काढावा लागेल, आणि अर्जावर एसीवाल्यांच्या आणि हुंदडणाऱ्यांच्या, दोघांच्याही सह्या घ्याव्या लागतील.